निळा टेंभा

किडे मारायचं करंटवरचं यंत्र विकत घ्यावं की घेऊ नये, यावर आळंदच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सलग तीन आठवडे जेवढा खल झाला, तेवढा तिथं पोरीच्या लग्नावरही होत नाही. आणि गंमत बघा, ज्यांच्यासाठी हा सगळा खल चालला होता त्या श्रीपतराव मास्तरांना किड्यांचं काडीचंही पडलेलं नव्हतं. त्यांना फक्त विहिरीजवळून जायचं नव्हतं.

हे अर्थातच त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. भूत नसतं, हे दरसाल आठवीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावून देत. आकृती कशाची काढत हे मुलांना शेवटपर्यंत कळत नसे, पण परीक्षेत तिला चार मार्क असत. असा माणूस अंधाराला भितो म्हटल्यावर गावात राहायचं कसं? शिवाय श्रीपतरावांची भीती लपवायलाही अवघड होती. त्यांना भीती वाटली की खोकला येई. लोक म्हणत, सरांना खडू बाधतो.

त्यांचं रान गावापासून तासाभराच्या वाटेवर. तूर, ज्वारी आणि कडेला थोडा हरभरा. वाट्यानं करायला बिराप्पा होता. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, याच्या वेळेला मेंढरं गेली आणि घोंगडी तेवढी राहिली. रानाच्या दक्षिण कोपऱ्यात एक चिंच आणि चिंचेखाली जुनी विहीर. त्या विहिरीवर कधीकाळी नागम्मा नावाची बाई पाण्याला गेली. घागर वर आली, नागम्मा आली नाही. घागर म्हणे काठोकाठ भरलेली होती. लहानपणी हे ऐकल्यापासून श्रीपतरावांना जी धास्ती बसली ती पन्नाशीतही जागची हलली नव्हती. घागर रिकामी निघाली असती तर त्यांना एवढं काही वाटलं नसतं.

एरवी दिवसाउजेडी जाऊन यायला काय लागतं? पण येळवस म्हणून एक सण आहे आमच्या मुलखात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात आणि माणसं रानात जाऊन बसतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी घालायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील असा बेत करायचा, आणि बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हाका मारमारून पानावर बसवायचं. इथवर श्रीपतरावांची कसलीच तक्रार नव्हती. आंबील तर ते चार-चार तांबे पीत. तक्रार होती ती दिवस मावळल्यानंतरची. कडब्याच्या पेंढीचा टेंभा पेटवून मालकानं सगळ्या रानाला बांधाबांधानं फेरा घालायचा, म्हणजे पिकावरची कीडरोगराई जाते. फेरा एकट्यानं घालायचा आणि मागं वळून बघायचं नाही. आता दक्षिण कोपरा काही रानातून वजा करता येत नाही.

अप्पा, म्हणजे श्रीपतरावांचे वडील, होते तोवर प्रश्नच नव्हता. लहानगा श्रीपती कोपीत बसून बघायचा. अप्पा डोक्यावरून घोंगडी घ्यायचे, कोपीमागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन टेंभा पेटवायचे, आणि मग लांब लांब जाणारा तो जाळ दिसायचा. चिंचेखाली क्षणभर थांबायचा आणि पुढं निघायचा. अप्पांचा खोकलाही ऐकू यायचा, दोन लहान, एक लांब. एक गोष्ट मात्र विचित्र वाटायची. टेंभा तिकडं चिंचेपाशी असायचा आणि खोकला कोपीच्या मागून आल्यासारखा, अगदी कानाशी वाजायचा. पुढं विज्ञान शिकल्यावर श्रीपतरावांनी तो वाऱ्याचा परिणाम आहे असं ठरवून टाकलं.

अप्पा वारले. पहिलं वर्ष सण धरायचा नसतो म्हणून येळवस केली नाही, टेंभा फिरला नाही. आणि त्या साली अळीनं तूर अशी खाल्ली की शेंगा हातात घेतल्या तर नुसती टरफलं. ते वर्ष सरलं, पुढची येळवस जवळ आली आणि बिराप्पा घरी येऊन उंबऱ्यात बसला.

"सर, टेंभा फिरला न्हाई न्हवं. रानाला वाटलं, आपल्याला मालकच न्हाई. औंदा बी न्हाई फिरला तर म्या रान सोडतो बघा. बिनमालकाच्या रानात लेकरंबाळं घेऊन कसं ऱ्हावं?"

बिराप्पा गेला असता तर रान पडीक पडणार हे उघड होतं. श्रीपतरावांना नांगराची मूठ कोणत्या बाजूला असते हे पुस्तकात बघावं लागे. आतून त्यांची आई, चंद्रभागाबाई, म्हणाल्या, "फिरवंल की. त्यो कामून न फिरवंल? व्हय रे श्रीपती?"

"फिरवतो की," असं श्रीपतराव म्हणाले आणि त्यांना खडू बाधला. दिवस रविवारचा होता.

त्याच रविवारच्या पुरवणीत त्यांना ती जाहिरात दिसली. निळ्या प्रकाशाकडे कीटक ओढले जातात आणि तारांच्या जाळीत क्षणात नष्ट होतात. श्रीपतरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टेंभा म्हणजे तरी काय? उजेडाला किडे येतात, जळून मरतात. अमावस्याच का? तर अंधारात उजेड लांबून दिसतो. म्हणजे पूर्वज शास्त्रज्ञ होते, फक्त त्यांच्याकडे करंट नव्हता! आणि या यंत्राची सगळ्यात मोठी शास्त्रीय थोरवी अशी की ते एका जागी टांगायचं असतं. ते घेऊन कुठं फिरायचं नसतं.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे नरसिंगशेठ तुरीची आडत चालवत आणि हैदराबादला जाऊन आलेले असल्यामुळे कशावरही बोलत. ते म्हणाले, "हॉटेलात बघितलंय मी. वर चट् वाजतंय आन् खाली आमटीत पडतंय. घेऊ नका." शेजारचा चनमल्लप्पा करंटच्या ऑफिसात होता. त्यानं किती वॅट, कुठला चोक, असं पंधरा मिनिटं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "आमच्या लाइनवर काय बी चालंल अण्णा, फक्त लाइन पायजे." बायको श्रीदेवी म्हणाली, "घरात डास चावायलेत ते दिसंना. रानातल्या किड्याचा पुळका आलाय."

एवढं झाल्यावर श्रीपतराव सोलापूरला गेले आणि यंत्र घेऊन आले. अक्कलकोटच्या बसमध्ये ते मांडीवर होतं. कंडक्टरनं विचारलं, "पक्षी हाय का आत?" पक्षी असता तर त्याचं तिकीट लागलं असतं म्हणे.

शास्त्राप्रमाणे आधी प्रयोग. अंगणातल्या पेरूला यंत्र टांगलं, दिवेलागणीला बटण दाबलं, आणि गल्लीतला यच्चयावत किडा श्रीपतरावांच्या अंगणात आला. जे बसस्टँडवर सुखानं राहत होते तेही आले. सकाळी सरांनी चिमट्यानं मोजदाद केली. बारके भुंगे, हिरव्या पंखांचे गरीब किडे जे उलट पिकावर उपकारच करतात, पतंग आणि चिलटं, सगळे मिळून तीनशेच्या वर. त्यात डास दोन. बाकीचे डास उजेड बघून आले होते आणि माणसं बघून जेवायला थांबले होते. तुरीवरच्या अळीचा पतंग एकही नव्हता. खऱ्या शास्त्रज्ञानं इथंच वहीत 'उपयोग नाही' असं लिहून यंत्र परत केलं असतं. पण खऱ्या शास्त्रज्ञाला विहीर नसते.

त्या संध्याकाळी आणखी एक झालं. चंद्रभागाबाई ओट्यावर बसून त्या निळ्या उजेडाकडं टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आन् ह्याला घेऊन फेरा कोण घालणार?"

"फेरा लागत नाही, आई. हे एका जागी बसून बोलावतं."

"बोलावतं व्हय?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कुणाकुणाला बोलावतं?"

श्रीपतरावांना जो खोकला लागला तो श्रीदेवीनं गूळपाणी आणेपर्यंत थांबला नाही.

रानात यंत्र लावायचं तर करंट पाहिजे, आणि करंट होता तो फक्त पंपाच्या पेटीत. तो दिव्याला वापरायचा तर अर्ज पाहिजे. श्रीपतराव ऑफिसात गेले. गाव कर्नाटकात, त्यामुळे अर्ज कानडीत होता, त्याची त्यांना अडचण नव्हती. अडचण होती 'अश्वशक्ती' या रकान्याची. रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही असं साहेब म्हणाले. सरांनी 'पाव' लिहिलं.

"पाणी किती निघतं?"

"पाणी निघत नाही. किडे मरतात."

"मग पंप कसा म्हणायचा?"

"मी पंप म्हणतच नाही."

"मग पंपाच्या अर्जावर सही कामून केली?"

तीस वर्षं मुलांना उभं करून प्रश्न विचारणारा माणूस तिथं उभा राहून उत्तरं देत होता, आणि शाळेतल्या शिपायाचा मेहुणा बाकावर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचं नाव 'पाव घोडा' पडलं. शेवटी चनमल्लप्पानंच मार्ग काढला. "येळवसला आमाला जेवायला बोलवा अण्णा. साडेसहाला अर्धा तास लाइन सोडायला सांगतो. कागद नको नि काय नको."

येळवसला श्रीपतरावांच्या रानात जत्रा भरली. आख्खी गल्ली यंत्र बघायला आली होती. जेवणं झाली, आंबील झाली. नरसिंगशेठ चार वेळा जेवले आणि तरीही 'यंत्र घ्यायला नको होतं' हे मत त्यांनी सोडलं नाही. चंद्रभागाबाईंचा गुडघा दुपारपासून धरला होता, त्या कोपीत पडून राहिल्या. बिराप्पानं कडब्याची एक पेंढी आवळून बांधली, तिच्यावर अप्पांची घोंगडी ठेवली आणि दोन्ही कोपीमागं गंजीला टेकवून आला. "तयार ठेवलीया," एवढंच म्हणाला.

दिवस मावळला. थंडी पडली. कोपीसमोरच्या बाभळीला यंत्र टांगलेलं, सगळे त्याच्याकडं तोंड करून उभे. साडेसहाला चनमल्लप्पाची लाइन आली.

निळा उजेड पडला. त्या उजेडात तोंडं दिसत नव्हती, कपडे दिसत होते. नीळ घालून धुतलेलं नरसिंगशेठचं धोतर आत कुणी नसल्यासारखं एकटंच उभं होतं. कुणी हसलं तर हवेत दात दिसत. कोपीतले पाच पांडव पुढं सरकल्यासारखे वाटत होते. बिराप्पा काळ्या घोंगडीत, तो तर मुळीच दिसत नव्हता.

चट्. मग पुन्हा चट्. मग किडे असे लोटले की वेगवेगळा आवाज राहिलाच नाही, नुसतं तळणीतल्यासारखं चरचरत राहिलं आणि केस जळल्याचा वास सुटला. श्रीपतराव मनात म्हणाले, बघा, चाललंय की! तेवढ्यात तुरीत खसखसलं. वारा नव्हता. काहीतरी ओळीओळीनं चालत आलं आणि उजेडाच्या कडेला येऊन थांबलं.

"कोल्हा असंल," नरसिंगशेठचं धोतर म्हणालं.

दुसऱ्या बाजूनं खसखसलं. तेही कडेला येऊन थांबलं.

"सर, बंद करा ते," अंधारातून बिराप्पाचा आवाज आला. "किडं सोडून काय काय यायलंय बघा तरी."

श्रीपतरावांनी बटणाकडं हात नेला आणि हात पोचायच्या आधीच लाइन गेली. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. सगळी तोंडं चनमल्लप्पाकडं वळली असावीत, कारण तो घाबरून म्हणाला, "मी न्हाई, मी हितं हाय!"

अमावस्येचा अंधार म्हणजे काय हे दिव्याखाली राहणाऱ्या माणसाला सांगून कळत नाही. त्यात डोळ्यांत निळं भरलेलं. कुणी हलेना. आणि त्या अंधारात पूर्वेच्या बांधावर एक टेंभा दिसला.

"बिराप्पा," श्रीपतराव हळूच म्हणाले, "तू कशाला निघालास? मी..."

"म्या हितं हाय सर," बिराप्पा त्यांच्या कोपराशी म्हणाला.

नरसिंगशेठनी हात लावून माणसं मोजायला सुरुवात केली. प्रत्येक जण 'मी, मी' म्हणत होता. टेंभा बांधानं चालला होता, खाली-वर हेलकावत, अडखळत, सावकाश. दक्षिण कोपऱ्यात गेला. चिंचेचा बुंधा उजळला. तिथं टेंभा खाली गेला, जमिनीला टेकला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. जाळ बारीक होत गेला, आता विझतो असं वाटलं, आणि मग तो एकदम वर उचलला गेला.

आता तो हेलकावत नव्हता. उंच, सरळ, झपाझप पश्चिमेच्या बांधानं निघाला. आणि त्याच्याबरोबर खोकला ऐकू आला.

तो खोकला तिथल्या प्रत्येकाला माहीत होता. दोन लहान, एक लांब. नरसिंगशेठची मोजणी थांबली. चनमल्लप्पा पुटपुटला, "अय्यो शिवने." श्रीपतरावांनी खोकला येऊ नये म्हणून उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. टेंभा उत्तरेचा बांध उतरला, कोपीकडं आला, अगदी जवळ आला, गंजीआड गेला आणि विझला.

"फिरला," बिराप्पा म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. "फिरला बघा, सर. आता काय काळजी न्हाई."

कंदील लावून धीर करून सगळे मिळून गंजीमागं गेले. जळक्या पेंढीचं बूड जमिनीवर धुमसत होतं. घोंगडी नव्हती. माणूसही नव्हतं. कोपीत बघितलं तर चंद्रभागाबाईही नव्हत्या. श्रीदेवीनं तोंडावर हात घेतला आणि हाका मारायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं तुरीच्या ओळीतून चंद्रभागाबाई आल्या. डोक्यावर अप्पांची घोंगडी, एक हात गुडघ्यावर. "वरडाया काय झालं?" म्हणाल्या. "कुणीतरी फिरवाया नको का टेंभा? तुमचं आपलं बल्ब बघत बसणं चाललंय."

मग काय हशा पिकला! जो तो सांगू लागला की मला आधीच कळलं होतं. नरसिंगशेठ म्हणाले, म्हातारीचा खोकला मी लगेच ओळखला. उरलेली भज्जी पुन्हा निघाली. हसले नाहीत ते एकटे श्रीपतराव. माणूस भित्रा असला तरी निरीक्षण करायला शिकलेला होता. टेंभा विझला गंजीमागं. आई आली चिंचेकडून.

परतीच्या जीपमध्ये पुढं बसलेल्या नरसिंगशेठनी विचारलं, "मग सर, आता खरं सांगा. यंत्र घ्यावं का?"

"नका घेऊ," श्रीपतराव म्हणाले. तीन आठवड्यांच्या चर्चेचा असा एका वाक्यात निकाल लागला. यंत्र त्यांच्या पायाशी पोत्यात होतं आणि अजून केस जळल्याचा वास येत होता.

मागच्या बाकावर मायलेक दोघंच; श्रीदेवी बायकांच्या गाडीत होती. जीप डांबरीला लागल्यावर श्रीपतराव हळू आवाजात म्हणाले, "आई, तू एवढ्या अंधारात विहिरीवर गेलीस. भ्या न्हाई वाटलं?"

"आता कामून वाटंल? चाळीस वर्सं मीच फिरवायले की."

"आणि अप्पा?"

"तुझा बाप?" चंद्रभागाबाई हसल्या. "त्यो गंजीआड जायचा, घोंगडी माझ्या डोस्क्यावर टाकायचा आन् मी येस्तोवर कडब्यात शिरून बसायचा. दिवस मावळल्यावर त्या चिंचंकडं बघायची बी छाती नव्हती त्याची. मानूस लई चांगला, पर भित्रा. कुणाला सांगू नको म्हनायचा. मी कशाला सांगू? तू बी त्याच्यावरच गेलायस, हे काय मला दिसत न्हाई?"

श्रीपतरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं. घराण्याचंच आहे म्हटल्यावर माणूस दोषी नसतो, हे तर विज्ञानही सांगतं. कोपीमागून येणारा खोकलाही वाऱ्याचा नव्हता तर. त्यांनी आईचा हात धरला. "पुढच्या साली मी फिरवीन, आई. खरंच. तुझा गुडघा दुखत असताना आज तू सगळा फेरा..."

"सगळा कुठला? चिंचंपत्तूरच गेले. पुढं पाऊलच उचलंना."

जीप एका खड्ड्यातून गेली.

"मग?"

"मग काय. टेंभा ठिवला खाली आन् बसले विहिरीच्या दगडावर. म्हनलं, चाळीस वर्सं तुझ्या वाटचं मी फिरले. आता माझ्यानं व्हईना. पोरगं तिकडं बल्ब लावून बसलंय. आता तरी ऊठ आन् तू फीर."

श्रीपतरावांनी विचारलं, "पण... पण अप्पा तर भीत होते."

"अजून बी भितोय की," चंद्रभागाबाई घोंगडी सारखी करत म्हणाल्या. "म्हनून तर खोकत चालला होता."

श्रीपतरावांना खोकला आला. दोन लहान, एक लांब.